भाऊसो नादखुळा

हरणा माझ्यापेक्षा चांगली गाते, असं कुणी म्हटलं तर माझी काही तक्रार नाही. तिचा गळा मोकळा आहे. अंगात जॅकेट, पायात पांढरे बूट आणि नाकात आजीची भलीमोठी नथ असलं ध्यान करून ती स्टेजवर उभी राहिली की माणूस बघत राहतो, हेही मान्य. पण ती लिहिते चांगली, असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. गेली दोन वर्षं दुखतंय, आणि हे काही डॉक्टरला दाखवायचं दुखणं नव्हे.

आम्ही दोघी एका गावच्या, माण तालुक्यातल्या. धनगराची वस्ती, मेंढरं आणि बाजरी. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिचं नाव आजीवरून ठेवलेलं, हरणाबाई, आणि शाळेत पोरं तिला त्यावरून रडवायची. माझं नाव मात्र अपेक्षा. मामानं मुद्दाम शोधून आणलेलं, वस्तीतलं पहिलं नवं नाव. आता तिनं तेच आजीचं नाव पोस्टरवर छापलंय आणि पोरं त्याचे टी-शर्ट घालतात. आणि मी एवढं नवं नाव घेऊन उंब्रजच्या बालवाडीत ‘बाई’ झाले. तिथं मला नावानं कुणीच हाक मारत नाही.

तिचं पहिलं गाजलेलं गाणं ज्या ओळींवर उभं आहे, त्या माझ्या आहेत. हे नीट कळायला आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल.

लग्नात नवऱ्याला हळद लागली की उरलेली उष्टी हळद घेऊन त्याच्याकडच्या बाया नवरीच्या मांडवात येतात. त्या वेळी मांडवातले सगळे बाप्ये बाहेर काढतात. मग दोन्हीकडच्या बाया समोरासमोर बसतात आणि गाण्यात एकमेकींची अब्रू काढतात. नवऱ्याच्या मर्दानगीपासून विहिणीच्या जुन्या भानगडीपर्यंत काही म्हणजे काही सोडत नाहीत. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या म्हाताऱ्या तिथं असलं काही बोलतात की कानातली फुलं गळून पडावीत. नियम दोनच. समोरचीचा शेवटचा शब्द पकडून तुमचं उत्तर सुरू झालं पाहिजे, आणि उत्तर आलं नाही तर तुमची बाजू हरली. हरलेल्या बाजूला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. बाप्यांना बाहेर थोडंफार ऐकू जात असणार, पण त्यांना त्यातलं काही कळत नाही, आणि कळलं तरी न कळल्यासारखं करायची रीत आहे.

बिनलग्नाच्या पोरींनी ही गाणी म्हणायची नसतात. पण जुळवायची नाहीत असं कुणी म्हटलेलं नव्हतं. माझी मंगल आत्या आमच्या बाजूची गाणारी. तिचा आवाज पहाडी, पण डोकं जरा हळू चालायचं. म्हणून मी तिच्या पाठीला चिकटून बसायचे आणि कानात ओळ सोडायचे, आणि ती खणखणीत म्हणायची. चुलत बहिणीच्या लग्नात, मी एकोणीस वर्षांची असताना, मी तिच्या कानात हे सोडलं :

नवरा आणला हौशीनं, पलंग केला शिसवी,
दिवा मालवायच्या आधी गडी घोरून फसवी.

मांडव हसून हसून लोळला. नवऱ्याकडच्या बायांना ‘फसवी’वरून उठणारं उत्तर काही सापडलं नाही. आत्याला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. माझ्या शेजारी पंधरा वर्षांची हरणा बसली होती. ती तेवढी माझ्याकडं बघत होती.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. नवऱ्याचं नाव सिद्धू. मनात मी त्याला सिद्धूच म्हणते, तोंडावर आवं-जावं. त्याचं उंब्रजला हायवेला दुकान आहे, ट्रॅक्टर-टेम्पोला सीट कव्हर, लायटिंग आणि साउंड बसवून देण्याचं. माणूस वाईट नाही. मारत नाही, पीत नाही, लेकीला मांडीवर घेऊन जेवतो. हरणा तिकडं शिकायला म्हणून सांगलीला गेली, कॉलेजच्या पोरांबरोबर रॅप करायला लागली, आणि दोन वर्षांपूर्वी तिचं ‘घोरतंय’ आलं. मधेमधे तिचा भडिमार, आणि फिरून फिरून माझा शिसवी पलंग.

त्या सीझनला कारखान्याला ऊस घेऊन जाणारा एक ट्रॅक्टर असा नव्हता की ज्याच्यावर ते वाजत नव्हतं. सिद्धू नवीन स्पीकर बसवला की टेस्टिंगला तेच लावायचा. बालवाडीच्या खिडकीतून हायवे दिसतो. मी पोरांना ‘येरे येरे पावसा’ शिकवत असताना बाहेरून माझ्याच ओळी दणदणत जायच्या आणि मला मान खाली घालून पोरांचे पुढं केलेले हात मोजायला लागायचे.

यात हरणाची काही चोरी नव्हती, हे मला सांगायलाच हवं. गाणं यायच्या आधी तिनं फोन केला होता. म्हणाली, “आक्का, खाली नाव टाकू का तुझं? शब्द अपेक्षाचं, असं?”

सासू, शाळेच्या मॅडम, पोरांच्या आया, सगळ्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या. मी म्हटलं, “खबरदार. माझ्या लेकीची शपथ हाय तुला. मरंस्तवर माझं नाव कुटं घ्यायचं न्हाई.”

ती बरं म्हणाली. मला वाटलं होतं ती निदान दोनदा तरी विचारेल.

माझी सासू धोंडुबाई तर मुलखाची गाणारी. तिच्या काळात तिनं म्हणे एका विहिणीला रडवून गावाबाहेर काढलं होतं. पण हरणाचं गाणं रस्त्यावरून गेलं की ती कानावर हात ठेवायची. मी एकदा म्हटलं, आत्याबाई, तुम्ही याच्यापेक्षा वंगाळ म्हणत होता की. तर म्हणाली, ते बायांत म्हणत होतो, बाप्यांसमोर नाही. त्या न्यायानं बघितलं तर मी शहाणी आणि हरणा बेशरम ठरत होती. तसं ठरलं की मला बरं वाटायचं, पण रात्रीपर्यंतसुद्धा टिकायचं नाही.

सिद्धूचं तर वेगळंच. तो ग्राहकांना सांगायचा, ही माझ्या सासुरवाडीची बरं का. घरी आला की म्हणायचा, पोरगी वाया गेली. आणि जेवण झालं की कॉटवर आडवा पडून तिचेच व्हिडिओ बघायचा. त्याच दुकानात बाप्यांची गाणी वाजायची, त्यात बाईची चोळी, बाईची कंबर, बाईचं पिकलेलं काय काय, आणि त्यातला एकही गाणारा वाया गेलेला नव्हता. मला जळायला दोन कारणं होती. एक, माझा नवरा तिला बघतो. दुसरं, तो तिला बघत माझ्या ओळी गुणगुणतो आणि म्हणतो, काय डोकं हाय बाईला. दुसऱ्यानं पहिल्यापेक्षा जास्त जळायचं.

शेवटी मी सिद्धूचा जुना फोन काढला, काच तडकलेला. त्यावर एक खातं उघडलं. नाव दिलं ‘भाऊसो नादखुळा’, आणि फोटोला बैलजोडी लावली. हरणाचं नवं गाणं आलं की मी त्याच्याखाली दोन ओळी टाकायचे. कधी तिच्या बुटांवर, कधी तिच्या जाड्या आवाजावर. सवयीनं तिच्या कडव्याचा शेवटचा शब्द पकडून सुरू करायचे. दुसरं काही मला येतच नाही, मी तसंच शिकले. लोक खाली हसून लोळायचे. भाऊसो, वाघ आहेस. भाऊसो, एक नंबर. मंगल आत्याच्या पाठीमागं बसून मला जे कधी मिळालं नव्हतं ते त्या तडकलेल्या काचेवर मिळायला लागलं, आणि मला त्याची चटक लागली.

एकदा सिद्धू दुकानातून हसतच घरात आला. फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, “ह्यो भाऊसो कोन हाय गं? लय डोक्याचं गडी. ह्याचा एक शब्द इकडचा तिकडं होत न्हाई.”

लग्नाला तेरा वर्षं झाली, माझ्या कशालाही तो असं म्हणाला नव्हता. मी भाकरी उलटली आणि म्हटलं, असंल कोण तरी. त्या दिवशी मी त्याला तूप जास्त वाढलं.

मग गेल्या चैत्रात हरणाचं ‘माझी कडी’ आलं. ते गाणं सगळं तिचं होतं, त्यात माझं काही नव्हतं, आणि ते चांगलं होतं. ते चांगलं होतं याचाच मला जास्त राग आला. शेवटी ती म्हणते, ‘माझं अंग, माझी मर्जी, माझी कडी, माझं दार.’ मी तडकलेला फोन घेऊन मोरीत गेले, आतून कडी लावली, आणि उभ्या उभ्या टाकलं :

दार तुझं सताड उघडं, उंबरा झिजला पार,
आल्यागेल्याची गिनती कराया ठेव चौकीदार.

ते असं पसरलं की माझ्या हातात काही राहिलं नाही. पोरांनी त्याला चाल लावली. त्याच्यावर नाचून व्हिडिओ केले. हरणा तिच्या आईबरोबर सांगलीत राहते, तर त्यांच्या गल्लीत काही टवाळ मोटारसायकल उभी करून तेच लावून बसायचे. माझ्या आईनं फोनवर सांगितलं, की हरणाची आई भाजी आणायला बाहेर पडायची बंद झालीय, दारामागं बसून रडते. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, वाईट वाटायच्या आधी एक क्षण असं वाटलं, की लोकांना माझं पाठ झालंय.

त्यानंतर भाऊसो गप्प बसला. आणि पंधरा दिवसांनी हरणाचा फोन आला. सांगलीला तिची प्रकट मुलाखत ठेवली होती, रविवारी सकाळी, तिकीट लावून. म्हणाली, आक्का, तू ये, दाजींना पण आण, पुढच्या रांगेत जागा ठेवते. आवाजात काही नव्हतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण शेजारी बसलेल्या सिद्धूनं ऐकलं होतं आणि तो कधीच हो म्हणून मोकळा झाला होता.

मी का गेले, हे मी स्वतःला खूपदा विचारलं. ती रडेल असं वाटलं होतं. एवढ्या माणसांत ती कोलमडलेली मला बघायची होती. दुसरं चांगलं कारण माझ्याकडं नाही.

सभागृह भरलं होतं. अर्ध्यात कॉलेजची पोरंपोरी, अर्ध्यात सिद्धूसारखी माणसं, कडक इस्त्रीची, काय बोलते ते बघायला आलेली. मुलाखत घेणारे वीरधवल सर मराठीचे प्राध्यापक होते. बोलायला गोड, पण प्रत्येक प्रश्नाच्या तळाशी खडा ठेवणारे. पहिल्यांदा बालपण झालं, मेंढरं झाली. मग त्यांनी विचारलं की गाण्यात तुम्ही जे सांगता ते सगळं स्वतःचे अनुभव समजायचे का. खाली पोरांनी शिट्ट्या मारल्या.

हरणा शिट्ट्या संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, “पोरगा दारूवर गानं म्हनतो. त्याला तुमी कवा इचारलं का सर, किती पिलास?”

टाळ्या पडल्या. मला तो जबाब आवडला आणि लगेच त्याचा मत्सर वाटला. सर हसले आणि म्हणाले, पण समाज म्हणून काही मर्यादा असतात. तर ती म्हणाली की मर्यादा मलाही माहीत आहेत, मी त्या ट्रॅक्टरवर ऐकत मोठी झाले. बाप्यानं गायलेल्या गाण्यात बाईची कंबर असते, त्यावर वरात नाचते, नवऱ्याचा आजासुद्धा नाचतो, कुणाला काही होत नाही. त्याच गाण्यातली बाई तोंड उघडून म्हणाली, की मला हे पाहिजे आणि हे नको, की मग लोकांना संस्कृती आठवते. गाण्यात बाई चालते, ती फक्त गाणारी नको. मला कार्यक्रमाला बोलावणारे मंडळवाले आधी विचारतात, कपडे कसले घालणार. माझ्या आधी गाणारा पोरगा शर्ट काढून नाचतो, त्याला कुणी विचारत नाही. लग्न कधी करणार हे मला प्रत्येक स्टेजवर विचारतात. तुम्हीही विचारणारच आहात, तर उरकून टाका.

सर जरा वरमले. तो प्रश्न त्यांच्या कागदावर असणारच. मग त्यांनी दुसरा काढला, की ‘घोरतंय’मधला शिसवी पलंग तुम्हाला कुठून सुचला.

हरणानं नथ सारखी केली आणि म्हणाली, “ते माझं न्हाई सर. लिवनारी येगळी हाय. नाव घ्यायचं न्हाई म्हनून तिनं शपथ घातलीया.”

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण सभागृहातल्या चारशे माणसांपैकी एकानंही ‘कोण ती’ असं विचारलं नाही. सर पुढच्या प्रश्नावर गेले. सिद्धूनं पाण्याची बाटली उघडली. मला माझ्याच शपथेचा एवढा राग कधी आला नव्हता.

सरांचा पुढचा प्रश्न खड्याचा होता. ते म्हणाले, समाजमाध्यमांवर तुमच्यावर पुष्कळ टीका होते, त्यातली एक मला काव्य म्हणून दखलपात्र वाटली, वाचू का. आणि त्यांनी तो चौकीदार वाचला. मराठीचे प्राध्यापक असल्यामुळं छान वाचला, जिथं थांबायचं तिथं थांबून. सगळं सभागृह हसलं. मागच्या रांगांतून कुणीतरी ‘भाऊसो’ म्हणून ओरडलं. सिद्धूनं मला कोपर मारलं आणि कानात म्हणाला, ह्योच तो, मी सांगत हुतो का न्हाई, मोडलं बघ बाईला.

हरणा रडली नाही. तिनं सरांना ते पुन्हा वाचायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. मग माइक जवळ घेतला.

“सर, ह्यो भाऊसो बाप्या न्हाई. ही बाई हाय. आन् आमच्याच भागातली हाय.”

मग तिनं सगळी रीत सांगितली, मी वर सांगितली तशी. उष्टी हळद, बाहेर काढलेले बाप्ये, शेवटचा शब्द पकडायचा नियम. माझ्या गाण्याचा शेवट ‘दार’ आणि हिची सुरुवात ‘दार’, म्हणाली, अशा चौदा कमेंटा आहेत आणि चौदाच्या चौदा तशाच. एकाही बाप्याला हे ठाऊक नाही, असलं तरी त्याला जमणार नाही. हिनं माझ्या आईला रडवलं. त्याचा हिशेब मी आईसमोर करीन. पण जुळवणारी म्हणून ती माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी हितं कबूल करते.

सिद्धू खुर्चीत पुढं सरकून ऐकत होता. तो मागं टेकला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, “बाई हाय व्हय? मग काय खरं न्हाई. आसल्या तोंडाच्या बाईला घरात नांदवतंय कोन?”

दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. तेच शब्द, तोच चौकीदार. बाप्याचे होते तोवर त्याला त्यात डोकं दिसत होतं, बाईचे झाल्याबरोबर तोंड दिसायला लागलं. मी ठरवलं, गप्प बसायचं. घरी जायचं, जुना फोन नदीच्या पाण्यात टाकायचा आणि उद्यापासून पोरांचे हात मोजायचे.

पण हरणा खुर्चीतून उठली होती. म्हणाली, शब्द माझ्यावर टाकलाय तर उत्तर देणं भाग आहे. तिनं पायानं ठेका धरला, आणि जुन्या चालीत, आमच्या मांडवातल्या चालीत म्हणाली :

चौकीदार तूच की गं, रात जागून काढली,
माझ्या दाराची कडी तू तुझ्या हातानं ओढली.

पोरी किंचाळल्या. टाळ्या थांबेनात. मला ते उत्तर काळजात लागलं, कारण ते खरं होतं. पण त्याच वेळी माझं डोकं दुसरंच मोजत होतं. पहिली ओळ चांगली, दुसरीत ‘तू तुझ्या’ म्हणजे भरतीचं, एक शब्द वायफळ. आणि एवढ्या ढिल्या ओळीवर चारशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. हरणा माइक हातात घेऊन थांबली. ती कुणाकडंच बघत नव्हती. उत्तराची वाट बघतात तशी उभी होती, आणि उत्तर आलं नाही तर ती जिंकणार होती.

सिद्धूच्या बोलण्याचा राग आला म्हणून मी उठले, असं सांगितलं तर चांगलं दिसेल. कुणी तसं सांगितलं तर मी नाहीही म्हणणार नाही. पण खरं एवढंच आहे, की मला ती जिंकलेली बघवेना. तिनं एवढ्या माणसांत मला सरस म्हटलं आणि ते म्हणण्याचंही कौतुक तिलाच मिळालं, हे तर मुळीच बघवेना. माझ्या तोंडात ‘ओढली’वरून उठणारी ओळ तयार होती. ती गिळायला मला एकोणीस वर्षांची असल्यापासून शिकवलेलं होतं, आणि या वेळी ती गिळली गेली नाही.

मी उठून उभी राहिले. माइक नव्हता, पण बालवाडीत आवाज तयार झालेला असतो.

ओढली मीच कडी गं, नाव माझं सांग,
शिसवी पलंग माझा, तू नुसतं टाकलंस अंग.

मग एकदम सगळीकडून आवाज उठला. पुढच्या रांगेतली माणसं मान वळवून मला बघायला लागली. हरणाचा चेहरा मी बघितला. तिच्या डोळ्यांत राग होता, खूप होता, पण तिनं माइक तोंडाशी नेला आणि पहिल्यांदा माझं नाव घेतलं. “अपेक्षा,” म्हणाली, “माझी आक्का. शिसवी पलंग हिचा.” एवढंच. आणि सभागृह पुन्हा टाळ्या वाजवायला लागलं. माझ्याकडं बघून वाजवत होते, पण शेजारची बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, काय मोठ्या मनाची आहे हो ही हरणा.

सिद्धू उठून चालायला लागला होता. मी त्याच्या मागं गेले. एवढं सगळं करून बसलेली बाई, पण तो उठला की उठायचं, ही पायांची सवय, पायांना अजून काही कळलं नव्हतं.

पार्किंगमध्ये त्यानं गाडीचं दार उघडलं, पण आत बसला नाही. मला वाटलं, आता हरणाच्या आईचं काढेल, नाहीतर बालवाडीतल्या नोकरीचं, नाहीतर चौदा वेळा त्याच्या फोनवरून खोटं बोलले त्याचं. त्याचा चेहरा पडला होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, “ते घोरनारं गडी म्हंजी मी का गं?”

मी म्हटलं, “आवं, तवा तुमाला बघितलंबी नव्हतं. एकोनीस वर्साची हुते.”

“ते तुला ठावं. लोकास्नी कोन सांगनार?” तो म्हणाला. “समदं गिऱ्हाईक आता माझ्या तोंडाकडं बघून हसंल.” मग गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाला, “बस गाडीत. आत्ता बसलीस तर घरला जाऊ आन् ह्यातलं कुनी काय काढायचं न्हाई. न्हाई बसलीस तर तुझं तू बघ.”

त्यात दम होता की विनवणी, मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही असावं. त्याचा राग येण्यापेक्षा मला त्याची कीव आली. घरी लेक वाट बघत होती. मी गाडीच्या दाराला हात लावला.

तेवढ्यात आतून ठेका ऐकू आला. हरणानं उत्तर धरलं होतं. ‘अंग’ हा शब्द नीट ऐकू आला, त्याच्यापुढं ‘अंग’वरून तिनं अख्खी एक ओळ बांधली, चांगली बांधली, माझ्या कानाला एकही शब्द वायफळ लागला नाही. मग सभागृह एवढ्यानं ओरडलं की दुसरी ओळ त्यात बुडून गेली.

मी सिद्धूकडं बघितलं. तो चावी हातात घेऊन थांबला होता. मी दारावरचा हात काढला आणि परत सभागृहाकडं निघाले, आधी चालत आणि पायऱ्यांवर पळत. मागं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दुसऱ्या ओळीत तिनं काय केलं असेल, तेवढंच माझ्या डोक्यात होतं.